दाजींचे वाकडे पापड

दिनांक : चैत्रातला शेवटचा रविवार. ठिकाण : तेर, आमची गच्ची. हजर : मी, शमीमभाभी, दाजी, शहरातून आलेले दोन सर. शिवाय दाजींचे चाळीस पापड.

ज्या आकारात ठेवली त्याच आकारात राहणारी वस्तू दाजींना बघवतच नसे. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत ते आकार बदलणाऱ्या वस्तूंवर संशोधन करत. कॉम्प्युटरनं पडद्याच्या काचेतूनच का बोलावं, वस्तूनं वाकून, फुगून का सांगू नये, हा त्यांचा प्रश्न. नणंदेला इथल्या शाळेत नोकरी लागली आणि त्या प्रश्नासकट ते सासुरवाडीत राहायला आले. माझ्या तव्यावरची भाकरी फुगली की टाळी वाजवत. "वहिनी, हा खरा पडदा! स्वतःच सांगतो, उतरवा." मी उतरवायला गेले की, "थांबा, अजून काय सांगते बघू." पुढचं भाकरी धुराच्या भाषेत सांगे. नळदुर्गच्या हायवेवरून ट्रकच्या ट्यूबचे तुकडे आणून त्यांनी असं पायपुसणं केलं, की पाय पडताच ते फुगून पाहुण्याचं स्वागत करी. पहिलं स्वागत शेजारच्या शमीमभाभींचं झालं. भिंत धरून त्या म्हणाल्या, "दाजी, पाहुण्याला घरात घ्यायचंय का दवाखान्यात?" दाजींनी वही काढली. "डावा पाय होता का उजवा?"

मग ते आमच्या पापडाच्या गटात शिरले. भाभी लाटणार, दाजी ओल्या पापडावर फणीनं रेघा ओढणार. रेघा कशाला, हे ते रोज समजावून सांगत. पण आमचं लक्ष पापडात, ऐकण्यात नव्हे. एवढंच कळलं होतं, की प्रयोगशाळेतले दोन सर बघायला येणार. पसंत पडलं तर इथंच राहून काम करायची परवानगी, नाहीतर परत बेंगळुरू. दाजींना तेर सोडायचं नव्हतं. नणंदेला त्यांना सोडायचं नव्हतं.

आदल्या दिवशी दाजी सरांच्या मुक्कामाची सोय बघायला धाराशिवला गेले, आणि मी गच्चीवर. बघते तर चाळीसच्या चाळीस पापड वाकडे! वाकडा पापड म्हणजे आमच्या गटात नापास. भाभी हळहळल्या, "बिचाऱ्याचा सगळा माल बिघडला की. सरांपुढं इज्जत जाईल." आम्ही ओलं फडकं टाकून पापड नरम केले, चळत रचली, वर पाटा ठेवला. मी माझ्या रोजच्या कामांच्या यादीत लिहिलं : दाजींची इज्जत. पुढं बरोबरची खूण.

सकाळी सरांसमोर दाजींनी ताटावरचं फडकं काढलं. पापड पोस्टकार्डासारखे सपाट. दाजी हळूच म्हणाले, "वहिनी, हे वळलेलेच पाहिजे होते."

"या अल्ला!" भाभी म्हणाल्या, "मग आधी न्हाय का सांगायचं?"

"महिनाभर तेच सांगतोय."

मला सुचलं तेवढं केलं, चहा पुढं केला. दाजींनी हताशपणे एक पापड कपावर ठेवला. खालून वाफ लागली, आणि पापड झोपेतून जागा व्हावा तसा कडेनं उठला, वळला, पुरता द्रोण झाला. मोठे सर उभेच राहिले. "सपाट न्यायचं आणि वाफेवर आकार घ्यायचा! अहो, हे गच्चीवरचं काम नाही. प्रयोगशाळेत या." इतकं पसंत पडलं, की परवानगी द्यायची सोडून त्यांनी दाजींनाच नेलं.

आता दाजी महिन्यातून एकदा येतात. पायपुसण्यातली हवा गेली. दारात कुणी अडखळत नाही. उरलेले अकरा पापड मी स्टीलच्या डब्यात नीट रचून ठेवले होते. श्रावणाच्या दमट हवेत ते आपापले वळलेत, झाकण बसत नाही. नणंद शाळेतून आली की ते दाबून बघते. हात काढला की झाकण परत वर येतं. भाभी म्हणतात, "तळून टाक की गं, लई दिवस झाले."

यादीत चार महिन्यांपासून ओळ आहे : दाजींचे पापड तळणे. पुढं खूण नाही.