काचेखालची छत्री

सन २०१४, मार्च महिना, उन्हाळ्याचे तोंड. त्या मोसमातले किस्से माझ्याजवळ इतके साठले आहेत, की चहाला मैत्रिणी जमल्या आणि एक सांगायला घेतला, की दुसरा आपणहून पुढे येतो. सगळे एकाच जागेचे: मस्कतजवळच्या सीबमधील अर्बाबांच्या आर्केडचे. फरशीवर पडणाऱ्या कमानींच्या सावल्या आठवल्या, की अजून जीव तिकडे धावतो.

अर्बाब म्हणजे माझ्या मुलाचे, श्रीकांतचे, ओमानी मालक. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले एक आर्केड ते इंग्लंडमध्ये पाहून आले आणि हुबेहूब तसेच त्यांनी सीबला बांधवले! समोरासमोर दुकानांच्या दोन ओळी, मधून फरसबंद वाट, वर ओतीव लोखंडाच्या कमानी आणि त्यांवर अखंड काच.

नकाशा काढतानाच श्रीकांतने विचारले होते, "अर्बाब, तिकडे काच घालतात ती उजेड मिळावा म्हणून. इथे उजेड कमी आहे का?"

"ब्यूटिफुल!" एवढेच उत्तर मिळाले.

*

पहिले दुकान रत्नागिरीच्या इब्राहिमचाचांचे, शिंप्याचे. जुन्या सूकमधली, म्हणजे तिथल्या बाजारातली, जागा सोडून ते इथे आले होते. गणवेशाचे निळे कापड काचेखाली पंधरवड्यात एका अंगाने आकाशी झाले. त्याचाच गणवेश शिवून मिळालेल्या एका आईने जाब विचारला.

चाचा शांतपणे म्हणाले, "फिकं अंग भिंतीकडे करून पोराला वर्गात बसवा, बाई!"

मी हसले. चाचा हसले नाहीत. "वैनी, मे लागेपर्यंत वर सावली आली नाय, तर मी दुकान बंद करून गावाला चाललो."

*

सावलीसाठी श्रीकांतने खजुराच्या झावळ्यांच्या चटया आणूनही ठेवल्या होत्या. दर आठवड्याला तो अर्बाबांना विचारी. उत्तर ठरलेले: "इन्शाल्ला!"

चाचा म्हणत, "अल्लाची मर्जी कधीच झाली असेल. अर्बाबांची तेवढी राहिलीय!"

*

शेजारच्या केरळी बेकरीवाल्याच्या केकवरचा पन्नासचा आकडा दुपारपर्यंत ओघळून गेला. केक न्यायला आलेल्या बाई संतापल्या.

"मॅडम," तो अदबीने म्हणाला, "अब उमर किसको पता चलेगा?"

बाईंनी केक नेला!

*

त्या विलायती आर्केडचे नियमही अर्बाबांनी उतरवून आणले होते: धावू नये, शीळ घालू नये, छत्री उघडू नये. अक्षर वळणदार म्हणून इंग्रजी पाटी माझ्याकडून लिहून घेतली. मी जुनी मॅट्रिक. शिस्तीचे मला कौतुक!

एप्रिलच्या एका दुपारी त्याच काचेखाली मला भोवळ येऊ लागली. मी छत्री उघडली. पहारेकरी तुकाराम, देवरुखकडचा, हात जोडून समोर उभा.

"आजी, मिटा ती. नियम तुमच्याच अक्षरात हाय!"

मिटली.

*

मेच्या पहिल्या गुरुवारी चाचांनी शिलाईयंत्रे बांधायला घेतली. निरोप द्यायला श्रीकांत आणि मी गेलो होतो. तेवढ्यात अर्बाबांच्या वृद्ध आई मापाचा जुना पोशाख घेऊन, लेकाचा हात धरून आल्या. आत शिरताच त्यांनी छत्री उघडली.

तुकारामने चाचरत पाटीकडे बोट दाखवले. अर्बाबांनी आईला नियम समजावला. आईंनी एकवार काचेकडे पाहिले, उघडी छत्री लेकाच्या हाती दिली आणि चाचांच्या दाराबाहेर, वाटेवरच्या स्टुलावर बसल्या. लेक आईवर छत्री धरून उभा, स्वतः उन्हात!

चाचांनी मापपट्टी काढली. पोशाखाची बाही मापली. पुन्हा मापली. तीस वर्षांत एक माप दोनदा घेतलेला माणूस नव्हे तो!

तिसऱ्यांदा पट्टी लावत त्यांनी विचारले, "अर्बाब, जल्दी तो नहीं ना?"

घामाने निथळत अर्बाबांनी वर पाहिले.

"श्रीकांत, चटाई लगाओ. यल्ला, जल्दी!"