मास्तरांनी वर काढलेला स्पंज

पाणबुड्यांना शिकवून शिकवून त्यांचं नावच मास्तर पडलं होतं. समुद्रतळाचा स्पंज कसा आणायचा हा त्यांचा लाडका विषय. तो निघाला की ऐकणाऱ्याने आधी बूड टेकून घ्यावं. खडकाच्या कपचीसकट सोडवायचा, पाण्याखालीच पिशवीत घालायचा, वर आल्यावर पिशवी बादलीत बुडवूनच उघडायची. "पाण्यातून पाण्यात! मधे हवा लागली की संपला," असं ते बोट नाचवत सांगायचे. एकदा त्यांच्या मेहुण्याने स्पंज जरासा पाण्याबाहेर काढला. "भाऊजी, एवढ्याने काय होतंय?" असंही म्हणाला. मास्तरांनी त्याला सगळ्यांदेखत होडीवरून उतरवलं ते कायमचंच.

हे स्पंज जायचे संशोधन केंद्रातल्या एका तरुण मुलीकडे. स्पंजाच्या अंगात राहणाऱ्या जिवाणूंचा ती अभ्यास करायची. "काका, स्पंज म्हणजे नुसतं घर. आत बिऱ्हाडं जिवाणूंची," ती सांगायची. "भाडं म्हणून ते त्याला खाऊ घालतात, शत्रूला दूर ठेवतात. एकाला सोडून दुसऱ्याचं चालत नाही." टाकीत ठेवल्यावर यातली कुठली बिऱ्हाडं टिकतात, हे तिला शोधायचं होतं.

एके दिवशी मास्तरांची बायको डबा घेऊन धक्क्यावर आली होती. "अहो, जन्म गेला तुमचा बुड्या मारण्यात. आणता काय, ते आम्ही कधी पाहिलं नाही," ती सहज म्हणाली. मास्तरांना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी नुकताच आणलेला विटकरी रंगाचा स्पंज बादलीतून दोन्ही हातांनी वर उचलला. त्याच्या भोकाभोकांतून पाणी गळायला लागलं. तिने एक बोट लावून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. "अगं बाई, मऊ आहे की!" मास्तरही खुलले. मग भानावर येऊन त्यांनी स्पंज झटकन बादलीत सोडला. एवढ्याने काय होतंय, असं त्यांनीच मनाशी म्हटलं.

आठवडा उलटला नाही तोच ती मुलगी घरी आली. तिचे डोळे सुजले होते.

"काका, माफी मागायला आले. तुम्ही इतका जपून आणलात आणि माझ्या टाकीत तो मेला. आधी पांढरे डाग पडले, मग वास. आतले जिवाणू गेले, सडवणारे शिरले. टाकीचं पाणीच मला राखता येत नाही, असं साहेब म्हणतात. काम बंद करणार आहेत."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोकांत अडकलेली हवा त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती. सांगून टाकावं, असं जिभेच्या टोकाशी आलं होतं. तोंडातून निघालं ते इतकंच, "होतं असं कधी कधी." स्वतःचाच आवाज त्यांना ओंगळ वाटला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "कुठला मेला? तुम्ही मला वर धरून दाखवलात तो?" ती हळहळली. "किती गोड होता!"

मुलीने कप उचलला नाही. ती मास्तरांकडे बघत राहिली. नाही म्हणावं तर बायको खोटी पडत होती.

"हो," मास्तर म्हणाले. "मीच काढला वर. तुझ्या पाण्याचा काही दोष नाही. चल, तुझ्या साहेबांना मीच सांगतो."

बायकोचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बघायला नको होतं का?"

"तू बघितलंस त्यात काय चुकलं? अक्कल माझी गहाण पडली होती."

साहेबांपुढे मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. काम थांबलं नाही. मुलीने नवा स्पंज मागितला, पण मास्तरांना आपल्या हातांची खात्री वाटेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ते थेट मेहुण्याच्या दारात गेले. तो जाळं विणत बसला होता. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी काय घडलं ते सांगितलं. "तुला उतरवलं आणि मी तेच केलं. आता खाली तूच जा. मी वर दोर धरतो."

मेहुणा आता चार शिव्या हासडेल म्हणून ते वाट बघत उभे राहिले. तो आपला सुतळीची गाठ मारत होता. मग त्याने विचारलं,

"ताईला आवडला का हो?"

मास्तरांना मान वर करता येईना.