तंगुसाने बांधलेलं माकड

दिवसभर कुणाशी बोलायचं नाही, अशी माझी नोकरी. त्यामुळे किस्से आतल्या आत साठत जातात. रविवारी टोकियोजवळ ग्योतोकुला चार मराठी घरं चहाला जमली की नवरा म्हणतो, "हं, काढ तुझं माकड!"

लग्न होऊन जपानला आले आणि एका छोट्या म्युझियममध्ये अरुबाइतो, म्हणजे पार्टटाइम काम मिळालं: दालनात उभं राहून लक्ष ठेवायचं. इथे दर वर्षाला एक प्राणी असतो; ते माकडाचं वर्ष होतं, म्हणून जुन्या चिनी ब्राँझचं प्रदर्शन. वर्षांचे बारा प्राणी, अंगात दरबारी झगे, हात बाह्यांत. माझ्या वाट्याला माकडाचा कोपरा.

प्रमुख मोरिता-सान पहिल्याच दिवशी म्हणाले, "जोशी-सान, नियमाबाहेरचं काही दिसलं की तिथल्या तिथे थांबवायचं. प्रदर्शन संपलं की तुम्हाला कायम करायचं का ते बघू."

मला ते हवंच होतं. घरी दिवसभर माझ्याशी बोलणारा एकटा राइस कुकर!

*

इथे वय विचारत नाहीत, प्राणी विचारतात. आमचे म्हातारे गार्ड ओनो-सान यांनी जन्मसालावरून माझा काढला. माकड! नवरा निघाला घोडा. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या,

"पत्रिका जुळवताना हे कुणी बोललं नाही!"

*

भूकंपात पडू नये म्हणून प्रत्येक मूर्ती तंगुसाने, पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने, बांधलेली. आमच्या शेजारची पाच वर्षांची ईरा आली, तिने जपानीत विचारलं, "पळून जाईल म्हणून बांधलंय?"

मोरिता-सान उकिडवे बसले. "हो. भूकंपात एकदा उडी मारली होती त्याने."

मी हसले. ते हसले नाहीत. माकडाचा एक कान खरंच दुमडलेला आहे.

*

लंचटाइमला टायवाली मंडळी यायची आणि माकडासमोर कुजबुजायची, "अगदी आमचे बुचो!" बुचो म्हणजे डिपार्टमेंटचे साहेब.

एकदा एक गंभीर गृहस्थ एकटेच आले. ओनो-सानना विचारलं, "माझी माणसं इथे येतात म्हणे. कुठला प्राणी बघायला?"

ओनो-सान शांतपणे म्हणाले, "ड्रॅगन."

*

मग पुण्याहून सासूबाई आल्या. "माकडाशेजारी उभं राहायचा पगार देतात? बघू तरी!"

आल्या, बघितलं. गालिच्याच्या कडेला चपला काढल्या आणि हात जोडले.

"आई, हे मारुती नाहीत," मी कुजबुजले.

"भाऊबंद तर आहे ना? चपला घालून कशी उभी राहू?"

मागे एक जपानी जोडपं होतं. त्यांनी चपला पाहिल्या, एकमेकांकडे पाहिलं, बूट काढले आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट लावले. त्यांच्या मागच्यांनीही. मी थांबवायला तोंड उघडेपर्यंत भिंतीपर्यंत रांग! सगळे मोज्यांवर, एकदम गप्प. डोळे मिटलेल्या सासूबाई सगळ्यांत पुढे.

आणि दारात मोरिता-सान.

त्यांनी बुटांची रांग पाहिली. माकडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गेली माझी नोकरी!

ते जवळ आले, खाली वाकले, नाड्या सोडल्या आणि हातात बूट घेऊन हळूच म्हणाले,

"जोशी-सान, माझे कुठे ठेवू?"