प्लास्टरमधून निघालेली पोटरी

माझी धाकटी बहीण सुमन शाळेत खेळ शिकवते. दीड महिन्यानं तिच्या पायाचं प्लास्टर काढलं, तेव्हा मी शेजारीच उभी होते. आतली पोटरी माझ्या मनगटाहून फार जाड उरली नव्हती. सुमननं मान वळवली.

"ताई, हा माझा पाय नाहीच," ती म्हणाली.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तो पाय हातात घेतला. "न वापरलेला स्नायू झिजतो. पण तो पुन्हा भरायची सोयही आतच असते. घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनालिन उतरतं ना, त्याला ओळखणारे रिसेप्टर स्नायूंच्या पेशींवरही असतात. ते जागे झाले की स्नायू नवी प्रथिनं बांधतो आणि असलेली प्रथिनं कमी मोडतो. चालायला मात्र हवंच."

मी थक्क झाले. ॲड्रेनालिन म्हणजे छातीतली धडधड, एवढंच मला ठाऊक होतं. आपण भाजी निवडत असतो, कुणाशी तरी वाद घालत असतो, आणि आत असंख्य पेशींच्या दारांवर बांधायचं की मोडायचं याचा निवाडा चाललेला असतो. आपल्याला कुणी विचारतही नाही.

"आता उभ्या राहा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सुमन घाबरली होती. तिनं माझा खांदा घट्ट धरला, तिच्या तळहाताला घाम सुटला होता. पाय टेकताच पोटरी थरथरली, आणि थरथरतच तिनं सुमनचा भार पेलला. हळूहळू खांद्यावरची बोटं सैल झाली. मी जागची हलले नाही.