लष्कराच्या नावाची गोणी

दारव्ह्याच्या अलीकडच्या तांड्यातल्या फकिराला लढाया बघायचं वेड लागलं ते वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. लढाया आता कुठं बघायला मिळतात म्हणा, पण जिथं झाल्या त्या जागा तरी. या वयात माणसं तीर्थाला जातात. फकिरा रणांगणाला जायचा, आणि जाताना खांद्यावर वीस किलो ज्वारीची गोणी घेऊन जायचा.

गोणीची गोष्ट अशी. पूर्वी तांड्यातल्या या बंजारा लोकांचा धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर धान्य लादायचं आणि लष्कर असेल तिथं नेऊन टाकायचं. फकिराच्या पणजोबाच्या पणजोबाला, हिरासिंगाला, असंच कुण्या लष्कराचं बोलावणं आलं. चाळीस बैल लादून तो निघाला. वाटेत एका तांड्यात लग्न होतं. आग्रह झाला, हा राहिला. तीन दिवस जेवला, तीन दिवस नाचला. पुढं मैदानावर पोचतो तर लढाई आटपून दोन्ही लष्करं आपापल्या वाटेला लागलेली. चुलींची राख तेवढी होती. ज्वारी परत आली. तांड्यानं ती वर्षभर खाल्ली आणि खाता खाता हसून घेतलं.

ते हसू अजून पुरतं आहे. यष्टी उशिरा आली की "हिरासिंग आला." पाऊस लांबला तरी नाव हिरासिंगाचंच. फकिराच्या पोरीच्या लग्नात वरात दोन तास आधी येऊन टेकली, तर शेजारचा डोंगरसिंग भर मांडवात म्हणाला, "सोयरे हुशार हायेत. या घराची खोड ठाऊक हाय त्याईले." फकिरानं तिथंच मनाशी धरलं, की मरायच्या आत ही ज्वारी लष्कराच्या हवाली करायची. चाळीस बैलांची जमणार नाही, पण एक गोणी तरी.

आता लढाई कोणती, हे हिरासिंग सांगून गेला नव्हता. ज्वारी कोणत्या बाजूची, तेही नाही. म्हाताऱ्यांच्या तोंडी एवढंच उरलं होतं, की डाव्या हाताला नदी, समोर दोन टेकड्या, आणि पाण्यावर उतरायला बैलाला सोपी वाट.

फकिरा आधी असईला गेला. तिथं एकाऐवजी दोन नद्या निघाल्या. माहिती सांगणारा माणूस तोफा कुठं होत्या ते हात करून करून दाखवत होता. फकिरा म्हणाला, तोफांचं राहू द्या, बैल कुठं बांधले होते? ते त्याला माहीत नव्हतं. मग फकिरानंच वारा बघितला, उतार बघितला आणि एका बाभळीकडं बोट दाखवलं. त्या माणसानं ते लगेच वहीत लिहून घेतलं.

अडगावला गेला तर सगळी कपाशी. शेताच्या मालकानं विचारलं, काय शोधता. फकिरा म्हणाला, लष्कर. मालकानं जरा आठवून बघितलं आणि म्हणाला, काल तरी नव्हतं. मग दोघं बोंडअळीवर बोलत बसले, लढाई राहून गेली.

पानिपतला बायको लालीबाई बरोबर गेली, गोणी आळीपाळीनं एकमेकांच्या डोक्यावर. टेकडी औषधालाही नव्हती. लालीबाईनं चहूकडं नजर फिरवली. "एवढी सपाट जमीन असून माणसं भांडली कायले?" एवढं विचारून ती गोणीवर बसून भाकर खायला लागली.

शेवटी कोणीतरी सांगितलं, लांबच्या एका शहरात लष्कराचं संग्रहालय आहे, तिथं सगळ्याच लढायांचे शिपाई एका छताखाली उभे असतात. फकिराला हे पटलं. एकेक लष्कर शोधत फिरण्यापेक्षा सगळी एका जागी बरी.

दारावर पहारेकरी दोघा नवराबायकोला म्हणाला, पिशवी आत न्यायची नाही. फकिरा म्हणाला, पिशवी नाही, माल आहे. कोणासाठी? लष्करासाठी. कोणत्या?

"जे भेटीन ते," फकिरा म्हणाला. "आमाले थोडा उशीर झाला."

पहारेकऱ्याच्या वहीत पाहुण्यांचा रकाना होता, रसद आली तर ती कुठं लिहायची याचा नव्हता. त्यानं उज्ज्वला मॅडमला बोलावलं, संग्रहालय त्यांच्याच ताब्यात. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि दोघांना आत नेलं. आत प्लास्टरचे शिपाई, तलवारी, एक घोडा, आणि कोपऱ्यात लष्कराची भली मोठी डेगची. फकिरानं डेगचीत वाकून बघितलं. रिकामी.

"मॅडम, हे लोक जेवत काय होते?"

मॅडमनीही डेगचीत वाकून बघितलं. मग त्यांनी गोणी काचेच्या पेटीत ठेवून घेतली, आणि 'एक गोणी ज्वारी मिळाली' असा शिक्का मारलेला कागद फकिराच्या हातात दिला.

तांड्यात तो कागद तीनदा वाचून झाला. डोंगरसिंगनं तो दोन दिवस उलटसुलट करून बघितला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मियाली हे खरं. पण कवा मियाली?"

फकिराच्या तोंडची चवच गेली. माल पोचला, उशीर तसाच राहिला.

चार महिन्यांनी मॅडमचा फोन आला. ज्वारीला सोंडे लागले होते, काचेच्या फटीतून निघून ते शिपायांच्या मिशांत शिरले होते. मंगळवारी वरचे साहेब पाहणीला येणार, त्याआधी नवी गोणी आणता का?

म्हणजे पुन्हा लष्कराचं बोलावणं. लालीबाईनं ज्वारी उन्हात घातली, कडुलिंबाचा पाला घालून गोणी शिवली. नेमकं त्याच दिवसांत तिच्या बहिणीच्या, हंसाबाईच्या पोरीचं लग्न निघालं. साडू दारात येऊन बसले, हाताला धरून आग्रह करायला लागले. सगळा तांडा फकिराच्या तोंडाकडं बघत होता, डोंगरसिंग तर पुढं सरकून. फकिरानं हात सोडवून घेतला आणि म्हणाला, जेवण येताना.

तो सोमवारी सकाळीच जाऊन पोचला. दाराला हे एवढं कुलूप. चहावाल्यानं सांगितलं, सोमवारी बंद असतं, उद्या दहाला या.

फकिरा पायरीवर गोणी टाकून तिच्यावर बसला, चहा मागवला आणि डोंगरसिंगला फोन लावला.

"आमी पोचलो," तो म्हणाला. "लष्कर यायचं हाय अजून."