पुंडलिकभायच्या जखमा

म्हापशाच्या स्टँडवर मांद्र्याच्या बसची वाट बघत असताना फोन आला. पुंडलिकभाय गेले... झोपेतच गेले, अंगावर ओरखडासुद्धा नाही. जन्मभर लोकांच्या अंगावर जखमा करणाऱ्या माणसाला देवाने इतकं सोपं मरण दिलं. बरं झालं, असं मी मोठ्यानेच म्हणालो, तेव्हा शेजारची बाई जरा लांब सरकली. त्याला आता महिना होत आला.

पुंडलिकभाय आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे रंगभूषाकार. एरवी घरं रंगवायचे, जत्रेच्या दिवसांत माणसं. मला नाटकात नेहमी मरायच्याच भूमिका मिळत, त्यामुळे माझ्या कपाळावर त्यांचा हक्कच होता. गोंदाने कापूस आणि पातळ कागद चिकटवायचा, तो मधोमध फाडून आत लाल-काळा रंग भरायचा, वरून गुळाच्या पाकातलं रक्त ओघळू द्यायचं. मुंग्या लागायच्या आत मरून घे, असं ते मला बजावत. खरं रक्त एवढं तांबडं नसतं, असं एकदा मी त्यांना शहाणपण शिकवायला गेलो. ते म्हणाले, शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे, आणि बघणाऱ्याला घरी जाऊन जेवताही आलं पाहिजे.

मग रुपेश गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा. कारापूरला कामावर जाताना ट्रकखाली आला. ओळख पटवायला पुंडलिकभाय एकटेच आत गेले, मी बाहेर बाकावर होतो. घरी आणलं ते पूर्ण गुंडाळूनच. त्यांची बायको, आमच्या आनंदीवहिनी, तोंड तेवढं दाखवा म्हणून प्रत्येकाच्या विनवण्या करत होत्या. पुंडलिकभायनी कोणाला गाठ सोडू दिली नाही. कपाळाला जरासं लागलंय, बाकी झोपल्यासारखा आहे, एवढंच सांगितलं. जरासंच लागलं होतं तर दाखवलं का नाही, हे वहिनी वर्षभर विचारत राहिल्या आणि हे गप्प. एका घरात राहून दोघं परकी झाली.

वर्षश्राद्ध झालं आणि जत्रेचं नाटक आलं. त्यात घायाळ मुलगा आईच्या दारात येऊन मरतो. मुलगा अर्थात मी. हा प्रवेश गाळू, नाहीतर डिचोलीहून दुसरा रंगभूषाकार बोलावू, असं मंडळात ठरत होतं. पण पुंडलिकभाय स्वतःच पेटी घेऊन आले. आरसा भिंतीकडे फिरवला. कितीतरी वेळ काम करत होते. पाकाची बाटली उघडलीच नाही. माझा एक डोळा त्यांनी पार बुजवला, गाल काळा केला, त्यात माती चोळली... एरवी मी मरताना पोरं शिट्ट्या मारतात. त्या दिवशी कोणी खोकलंसुद्धा नाही.

मी आत आलो, तर वहिनी बायकांच्या रांगेतून उठून रंगपटात येऊन उभ्या. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि दिव्याकडे वळवलं.

"माझ्या झिलाक असाच लागलेला?" त्यांनी विचारलं. प्रश्न मला नव्हता.

"होय," पुंडलिकभाय म्हणाले. "असाच."

वहिनी रडल्या नाहीत. बुजवलेल्या डोळ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, बराच वेळ बघितलं, आणि मग दोघं बरोबर घरी गेली. तो रंग मी एकट्याने उतरवला. मला संताप आला होता. माझं तोंड म्हणजे काय शेजारून मागून आणायची वाटी? दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्यांना नको नको ते बोललो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जखमा करणं त्यांनी तेव्हापासून सोडलं. त्यांनी केलं ते बरं की क्रूर, हे मला अजून ठरवता येत नाही. वहिनी मात्र त्यांच्याशी पुन्हा बोलू लागल्या होत्या, मग मी कोण विचारणारा?

फोन आला त्या दिवशी मी मांद्र्याला पोचलो, तर तयारी चाललेली. कोणीतरी पुंडलिकभायच्या तोंडावर कापड ओढत होतं. वहिनींनी त्याचा हात धरला.

"तोंड उघडाच ठेवा," त्या म्हणाल्या. "माका बघूचा आसा."

त्या बघत बसल्या. बाहेर माणसं खोळंबली होती, पण घाई कोणी केली नाही. मग त्यांनी पदराने नवऱ्याचं कपाळ पुसलं आणि स्वतःच्या हाताने कापड वर घेतलं.