उघडता पूल आणि आईची एकादशी

ये, अशी जवळ सरक. पाहुण्यासारखी दारातल्या खुर्चीवर काय बसलीस? पाय दुखतात म्हणून मी उठत नाही, पण कान शाबूत आहेत हो माझे. आल्या आल्या कुरकुर ऐकली तुझी. म्हणे रेल्वेच्या फाटकात पंधरा मिनिटं अडकले आणि अख्खी सकाळ वाया गेली! अगं, पंधरा मिनिटांत कुणाची सकाळ जाते? आमच्या पुलावर माणसं तासतास थांबायची, आणि पलीकडे गेली की थांबल्याच्या गोष्टी सांगत घरी जायची. ऐक आता. मी शाळेत गेलेली नाही, म्हणून माझं बोलणं सरळ रेघेत चालत नाही. मध्येच कुठे वळलं तर टोकायचं नाही.

तिसाच्या पुढची सालं असतील. मी दहाएक वर्षांची. आमच्या खाडीवर लाकडी पूल होता. त्याच्या मधोमध गाडीभर रुंदीची एक मोठी फळी होती, ती साखळ्यांनी वर उचलता यायची. लहान होड्या खालून सुटायच्या, पण डोलकाठीचे मचवे कसे जाणार? त्यांच्यासाठी फळी उभी करायची. सगळे त्याला उघडता पूल म्हणत. माझे वडील, म्हणजे बाबा, त्या पुलाचे रखवालदार, आणि पुलाच्या तोंडाशी दोन खोल्यांची चौकी हे आमचं घर. खाडीच्या वरच्या अंगाला पाच गावं. त्यांची कौलं, मीठ, सुकी मासळी सगळी मचव्यातून यायची आणि त्यांचं भात, गवत मचव्यातूनच मुंबईला जायचं. रस्त्यावरून कोण? बैलगाड्या, सुपारीच्या पोत्यांचे छकडे, हरिहरेश्वराला निघालेली माणसं, आणि नव्यानं सुरू झालेली एक सर्विस मोटर. ती मोटर आली की आमची बकरी चौकीवर चढायची.

फळी उचलायला रहाट होता. तो फिरवायला सहा माणसं लागत आणि बाबा तर एकटे. म्हणून रीत अशी पडली होती की रस्त्यावर जो आधी येऊन थांबेल, त्यानं रहाटाला हात लावायचा. मचवा जाताना तांडेल, म्हणजे मचव्याचा प्रमुख, पसाभर मासळी नाहीतर दोन नारळ वर पुलावर फेकायचा. ते रहाटवाल्यांचं. त्यामुळे गाडीवान मचव्यांना शिव्या देत, पण रहाटाला नाही कुणी म्हणत नसे.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका वर्षी रस्त्याचे नवे ओव्हरसियरसाहेब आले. त्यांनी पुलाच्या दोन्ही तोंडांना एकेक पाटी ठोकली. पूल सकाळी आठ वाजता एकदा आणि संध्याकाळी चार वाजता एकदा उघडेल, मध्ये उघडणार नाही. चौकीत एक सरकारी घड्याळही टांगून गेले. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. त्यांनी पंधरा दिवस इमानानं आठ आणि चार वाजवले. झालं काय? खाडीला भरती असली तरच मचवा पुलापर्यंत येणार ना! आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. बहुतेक दिवशी आठ वाजता फळी उभी, खाली नुसता चिखल आणि त्यात बगळे. दुपारी भरती येई तेव्हा फळी आडवी आणि तिच्यासमोर मचव्यांची रांग. तांडेल खालून ओरडत, "पूलवालं, दर्याच्या मनगटाला घड्याल न्हाय बांधलेलं!" आणि वरून गाडीवान ओरडत, "रिकाम्या खाडीला सलाम करायला थांबवलंस काय रं आमाला?"

शेवटी आई म्हणाली, "अवो, तिथीला इचारा की. घड्यालाला काय कलतंय?"

आईचा हिशेब सोपा होता. चार तिथ्यांचे तीन तास. अष्टमीला सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, द्वादशीला नवाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. पुढे वद्य पक्षात पुन्हा पहिल्यापासून. खाडीकाठच्या बायका हे पोरवयातच शिकतात, मीही शिकले. तिथी आई उपासावरून धरायची. चतुर्थीचा उपास, एकादशीचा उपास, मधले दिवस बोटांवर. बाबा ती सांगेल त्या वेळेला फळी उचलू लागले. संध्याकाळी शेवटच्या गाडीवानाला आणि शेवटच्या तांडेलाला सांगून ठेवत, "उद्या इतक्याला." त्या दोघांच्या तोंडून दोन्हीकडच्या गावांत निरोप पोचे. गाडीवान त्या बेतानं घरून निघत. कुणाचा खोळंबा होईना.

पण पाटीवर आठ आणि चार तसंच होतं ना! मोटरवाल्यांनी तक्रार केली की पूल पाटीप्रमाणे उघडत नाही. साहेबांचा निरोप आला: अमक्या दिवशी सकाळी मी जातीनं बघायला येतो. कारभार वेळेवर दिसला नाही तर मधली फळी बोल्ट मारून कायमची बसवून टाकतो, म्हणजे भानगडच नको.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. फळी जखडली की वरच्या पाच गावांचे मचवे बंद. आणि फळी उचलायचीच नसेल तर रखवालदार कशाला? आमची चौकीही जाणार. आई मात्र म्हणाली, "येऊ द्या सायबाला. आल्यावर बगू."

आता गंमत बघ. त्याच आठवड्यात बाबांची थोरली बहीण, माझी आत्या, राहायला आली होती. आत्या माळकरी. आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री उठावीत. एकादशी जवळ आली तशी ती आईला म्हणाली, "भावजय, मी सांगीन त्या दिवशी उपास कर. उगाच भलत्या दिवशी उपाशी ऱ्हाशील." आई बरं म्हणाली. आत्यापुढे सगळेच बरं म्हणत.

साहेब यायचे तो नेमका आमच्या उपासाचा दिवस. आईनं आदल्या रात्री हिशेब सांगितला. उद्या एकादशी, म्हणजे सव्वाआठला भरती, आठला फळी उचला. बाबांचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! पाटीवर आठ आणि आईचेही आठ. म्हणाले, "दर्या आणि सायेब, दोघं येका मताचे झाले बग उद्या!"

सकाळी साडेसातला साहेब मोटरीतून उतरले. वरच्या सरकारी बंगल्यात मुक्काम करून आले होते आणि पूल ओलांडून घरी जायचे होते. डोक्याला रुमाल, हातात खिशातलं घड्याळ. बरोबर एक शिपाई. आठच्या ठोक्याला बाबांनी फळी उभी केली. पाच गाडीवान आणि मोटरचा ड्रायव्हर रहाटाला होते.

"शाबास," साहेब म्हणाले. "मनात आणलं तर जमतं की."

बाबा छाती काढून उभे. सव्वाआठ झाले. खाडीत पाणी होतं, पण गुडघ्याइतकं. साडेआठ झाले. दूर वळणावर चार मचव्यांच्या डोलकाठ्या दिसत होत्या, चिखलावर कलंडलेल्या. दोन्ही बाजूंना गाड्या साठल्या. बैल रवंथ करून करून कंटाळले.

"कुठे आहेत तुमचे मचवे?" साहेबांचा आवाज चढला.

"येतील सायेब. आता येतील."

"बंद कर फळी! मला पलीकडे जायचंय."

बाबा हात जोडून म्हणाले, "करतो सायेब. पन मग मचव्यांनी काय करायचं? पाटीवर तुमीच लिव्हलंय, सकाळी येकदाच उगडायची. आता आडवी केली, तर आज ते इथंच. चारला खाली चिखलच."

साहेब येरझारा घालू लागले. स्वतःचंच लिहिलेलं ना! मी आणि आई चौकीच्या दारात. शिपाई पाणी मागायला आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आज सायबांच्या वाऱ्याला उभं राहू नका. काल एकादशी झाली त्यांची. आज सकाळी घरी जाऊन पारणं करायचं होतं. पोटात कालपासून काही नाही."

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "काल?"

"मग? काल एकादशी, आज द्वादशी."

आई आत वळली. "वन्सं, आज एकादशी हाय ना?"

"हाय तर!" आत्या म्हणाली. "काल ती संसारी लोकांची. आज आपली, माळकऱ्यांची. दोन आल्यात या खेपेला."

आईनं कपाळावर हात मारला. आत्याच्या उपासावरून तिनं भरती काढली होती! एका दिवसाचा फरक, म्हणजे पाऊण तासाचा. दर्या काही माळकरी नव्हता. त्याची द्वादशीच होती.

आता खरं तर गप्प बसायचं. साहेबांच्या पाटीप्रमाणे पूल उघडला होता, ते शाबास म्हणाले होते, आपली नोकरी शाबूत. बाबांनी डोळ्यांनी तसं खुणावलंही. पण आमची आई! पदर सारखा करून बाहेर गेली आणि साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "सायेब, ह्यांची चूक न्हाय, माजी हाय. मी एकादशी धरली, व्हती द्वादशी. मचवे नवाला येतील."

"म्हणजे तुम्ही पूल तिथीवर चालवता?"

"व्हय."

"आणि ही चूक झाली नसती तर फळी केव्हा उचलली असती?"

"पावनेनवाला. तुमी कवाच पलीकडं गेला असता. आता पानावर बसला असता."

रांगेतला एक म्हातारा गाडीवान फिदीफिदी हसला. "सायेब, तुमी आज येक दिस थांबलात. पाटी लागली तवा आमी पंदरा दिस रोज असंच थांबलो!"

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. मग पाटीकडे बघितलं, मग चिखलातल्या बगळ्यांकडे. एवढ्यात आत्याला राहवेना. ती आतून ओरडली, "आणि सायबाला सांगा, खरी एकादशी आजचीच! काल उपाशी ऱ्हायले ते फुकट!"

बाबांनी डोळेच मिटले. पण साहेब चक्क हसले. म्हणाले, "आजी, आमच्या घरी पिढ्यानपिढ्या पहिली धरतात."

"धरा! म्हनून तर चूक पिढ्यानपिढ्या चालती."

दोन्हीकडचे गाडीवान त्या वादात पडले. कुणी पहिलीच्या बाजूनं, कुणी दुसरीच्या. पलीकडच्या तोंडाचे गाडीवान उभ्या फळीपलीकडून ओरडून मत देत होते. आईनं तेवढ्यात दोन शहाळी फोडली. पारण्याला चालतं ना, असं तिनं आधी विचारलं, मग दिली. साहेब आमच्या ओट्यावर टेकले. पाणी पोटात गेल्यावर आवाज उतरला. त्यांनी आईला तिचा हिशेब विचारला. चार तिथ्यांचे तीन तास. स्वतः वहीत दोनतीन तिथ्या मांडून बघितल्या आणि मान हलवली.

पावणेनऊला मचव्यांच्या डोलकाठ्या सरळ झाल्या. नवाला पहिला मचवा पुलाखाली. तांडेलानं वर बघितलं, उभी फळी बघितली, गाड्यांची गर्दी बघितली. "काय पूलवालं, आज कोंबड्यानं लवकर उटवलं वाटतं!" म्हणाला आणि रिवाजाप्रमाणे पसाभर मांदेली वर फेकली. ती नेमकी आत्याच्या पुढ्यात, दाराच्या पायरीवर. उपासाच्या दिवशी! आत्यानं त्याला जे सुनावलं ते मी या वयातही सांगणार नाही. साहेब रुमालात तोंड लपवून हसत होते.

चारही मचवे गेले, फळी आडवी झाली. मोटरीत बसण्याआधी साहेबांनी शिपायाकडून रंगाचा डबा मागवला आणि दोन्ही पाट्यांवरचे आठ आणि चार पुसून टाकले. त्या जागी लिहिलं, "भरतीप्रमाणे." खाली जागा मोकळी सोडली. बाबांना म्हणाले, "पण लोकांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे. रोज संध्याकाळी दोन्ही पाट्यांवर खडूनं उद्याची वेळ लिहायची. एक दिवस चुकलात तर बोल्ट आहेतच माझ्याकडे. आणि तिथी पंचांगातून बघायची, उपासावरून नाही." आठ दिवसांत शिपायाच्या हाती पंचांग आलं.

बाबा खूश झाले आणि लगेच घाबरे झाले. लिहिणार कोण? बाबांना येईना, आईला येईना. पंचांग उलटं धरलं तरी घरात कुणाला कळलं नसतं. मग देवळातल्या गुरवांनी मला आकडे शिकवले, आणि पाटीवरची वरची ओळ गिरवता गिरवता मी अक्षरं शिकले. पहिला शब्द मी लिहिला तो भरतीप्रमाणे. त्यात जोडाक्षर! पहिल्या दिवशी माझा नऊ उलटा आला आणि गाडीवान म्हणाले, "पोरीनं खाडी फिरवली." पण फळी कायम हलती राहिली. मी लग्न होऊन जाईपर्यंत, रोज संध्याकाळी, दोन्ही तोंडांना एकेक वेळ. एकदाही चुकले नाही. तुझ्याच्यानं एक पत्र वेळेवर येत नाही!

बरं, निघतेस? दिवस आहे तोवर नीघ, तुझं बरोबर आहे. पण पुढच्या खेपेला असं सकाळी येऊन दुपारी पळायचं नाही. चार दिवस राहायला ये, आणि लवकर ये बाई. माझ्याकडे सांगायचं अजून पुष्कळ आहे, आणि इथे ऐकायला नुसते शेजारी. तेही माझं ऐकून ऐकून आता दार लावून घेतात.